भाड्याच्या गाळ्यात आपले पैसे

"चौरस फुटाला किती पडेल?"

नवं ऑफिस, दवाखाना किंवा शोरूम थाटायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, आणि ठेकेदारही बेधडक उत्तर देतो. चौदाशे, सोळाशे, दोन हजार. मग मोबाईलवर गुणाकार होतो, आलेला आकडा बँकेतल्या शिलकेशी ताडून पाहिला जातो आणि जमतंय असं वाटलं की टोकन दिलं जातं. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष जे पैसे जातात, त्यांचा त्या गुणाकाराशी फारसा संबंध उरत नाही. दर वेळी ठेकेदारच लबाड असतो असं मानायचं कारण नाही. पुष्कळदा तो विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देत असतो, पण त्या प्रश्नातून फार थोडं कळतं.

मुळात चौरस फूट कुठला? २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली खरी, पण ती विक्रीपुरती. व्यापारी जागेचं भाडं आजही सर्रास 'लोडिंग' चढवून सांगितलं जातं. आत वापरायला १,२०० फूट आणि भाड्याच्या पावतीवर १,८०० फूट, यात कुणाला वावगं वाटत नाही. जिना, लॉबी, लिफ्ट, सगळ्यांचा वाटा त्यात असतो. म्हणजे मालक १,८०० धरतो, आपण १,२०० धरतो, आणि ठेकेदार कुठला धरतो हे त्याला थेट विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि काम करणारे तर जमिनीचं क्षेत्रफळ मोजतच नाहीत. फरशीवाला आणि फॉल्स सीलिंगवाला सोडला तर प्रत्येकाचं माप निराळं. रंगारी भिंत मोजतो. दहा बाय दहाची खोली आणि नऊ फूट उंची घेतली, तर जमीन १०० चौरस फूट, पण भिंती ३६०. सुतार पार्टिशन चौरस फुटात मोजतो आणि स्टोरेज कधी रनिंग फुटात. इलेक्ट्रिशियन पॉइंट मोजतो. एसीवाला तांब्याच्या पाइपची लांबी मोजतो. एक मोकळी मीटिंग रूम आणि तेवढ्याच जागेत काढलेल्या पाच केबिन यांचा चौरस फुटाचा दर एक कसा असेल? केबिन वाढल्या की भिंती, दारं, स्विच, एसीची तोंडं, सगळंच वाढतं. त्यामुळे आराखडा कागदावर उतरण्याआधी दर सांगणारा आणि तो ऐकून खूष होणारा, दोघंही अंधारातच असतात.

यापेक्षा उपयोगी प्रश्न दुसरा आहे, आणि तो गाळा भाड्याचा असेल तेव्हा टाळताच येत नाही: महिन्याला किती?

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून नव्हे. बाणेरला पाचव्या मजल्यावर १,२०० चौरस फूट कार्पेटचं ऑफिस, भाडं महिना १ लाख, करार पाच वर्षांचा, लॉक-इन, म्हणजे करार सोडता न येण्याचा काळ, तीन वर्षांचं. ठेकेदारानं सीलिंग, पार्टिशन, फरशी, वायरिंग, रंग, टॉयलेट मिळून २० लाख सांगितले. म्हणजे फुटाला साधारण १,६६७. इथेच बहुतेकांचं बजेट संपतं. आता पुढचं लिहीत जाऊ. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३ लाख ६० हजार. टेबलं, खुर्च्या, एसी, यूपीएस, नेटवर्कचं सामान, करासकट १० लाख. डिझायनरची फी २ लाख ४० हजार. मालकानं काम करायला एक महिना भाडेमाफी दिली, पण काम अडीच महिने चाललं. बंद ऑफिसचं दीड महिन्याचं भाडं दीड लाख. अडीअडचणीला बाजूला ठेवलेले साडेतीन लाख, जे दर वेळी खर्च होतातच. बेरीज ४१ लाख. फुटाला १,६६७ चे ३,४१७ झाले, आणि यात कुणीही कुणाला फसवलेलं नाही.

पण बेरजेपेक्षा महत्त्वाची आहे ती फाळणी. या ४१ लाखांतल्या १० लाखांच्या वस्तू टेम्पोत घालून दुसरीकडे नेता येतात. उरलेले ३१ लाख भिंतीत, छतात आणि फरशीखाली आहेत. निघताना ते तिथेच राहणार. पाच वर्षं राहिलात तर ३१ लाख भागिले ६०, म्हणजे महिना ५१,६६७. लॉक-इन संपताच तिसऱ्या वर्षाअखेर उठावं लागलं तर महिना ८६,१११. तुमचं भाडं १ लाख कधीच नव्हतं. ते दीड लाख आहे किंवा पावणेदोन लाखांच्याही वर. हा आकडा समोर ठेवला की इटालियन मार्बलच्या रिसेप्शनचा मोह आपोआप तपासला जातो. कराराची मुदत न वाचता फरशी निवडणारे लोक मी इतके पाहिलेत की आता मी आधी करारच मागतो.

लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकतं. पण नोंदणी झाली म्हणजे करार आपल्या सोयीचा झाला असं नव्हे. लॉक-इन फक्त भाडेकरूला बांधतं की मालकालाही? ३१ लाख ओतल्यावर वर्षभरात मालकानं नोटीस दिली तर? दर वर्षी ५ टक्के वाढ असेल तर पाचव्या वर्षी १ लाखाचे १ लाख २१ हजार होतात, ते धरलेत का? आणि भाडेमाफीचा महिना कधी सुरू होतो, सहीच्या दिवशी की किल्ली हातात आल्यावर, की कॉम्प्लेक्सच्या व्यवस्थापनानं कामाला परवानगी दिल्यावर? या तीन तारखांत सहज तीन आठवडे जातात. लॅमिनेटच्या भावात शीटमागे शंभर रुपये कमी करून घ्यायला लोक दोन दिवस घासाघीस करतात. तोच जोर लावून मालकाकडून आणखी एक महिना भाडेमाफी मिळवली तर एका सहीत लाख रुपये वाचतात. गाळा रिकामा पडलेला असतो तेव्हा मालक ऐकतो. सही झाल्यावर नाही.

वेळेचा खर्च असा लपून बसतो. दिवाळीच्या दिवसांत शहरातल्या निम्म्या साइट सामसूम असतात. सुतारकाम करणारे पुष्कळ जण राजस्थानातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले; पीओपीवाले अनेकदा बंगालचे. दिवाळी आणि तिला लागून छठ, पुढे होळी, मग उन्हाळ्यातली लग्नं. गावी गेलेला माणूस तिकीट मिळेल तेव्हा परततो. पावसाळ्यात पुट्टी आणि पीओपी वाळत नाही. ओल्या भिंतीवर घाईनं रंग मारला की फुगे येतात आणि तेच काम दोनदा करावं लागतं. ठेकेदार देतो तो 'पंचेचाळीस दिवसांचा' वायदा सगळे हजर, सगळं सामान वेळेवर आणि तुम्ही एकदाही मन बदलत नाही, असं धरून दिलेला असतो.

सामानाचीही स्वतःची चाल असते. पुण्यात प्लायवूड आणि लाकूड म्हटलं की भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, विजेचं सामान म्हटलं की बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. मुंबईकरांना लोहार चाळ. भाव करायला या बाजारपेठा उत्तम, पण माल साइटवर पोचवण्याची तुमची सोय असेल तरच. प्लायची शीट आठ बाय चारची. बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये आठ फुटांची शीट उभी राहत नाही, आडवी तर विसराच. मग ती जिन्यानं चढते, आणि हमाली मजल्यागणिक वाढते. तीस फूट लांब, आठ फूट उंच पार्टिशनच्या दोन्ही बाजू मिळून ४८० चौरस फूट. एका शीटमध्ये ३२, म्हणजे बरोबर १५ शीट. कापाकापीतली घट धरली की १७. एका पार्टिशनसाठी पाच मजले १७ खेपा. त्यात कॉम्प्लेक्स म्हणतं, सामान सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. ठोकाठोकी दुपारी बंद. राडारोडा रोजच्या रोज उचला, नाहीतर अनामत जप्त. या अटी कुठल्याही कोटेशनमध्ये नसतात. त्या इमारतीच्या ऑफिसातल्या एका झेरॉक्सवर असतात, आणि ती झेरॉक्स टेंडर मागवण्याआधी आणायची असते.

प्लायबद्दल थोडं थांबतो, कारण तिथे पैसा वायाही जातो आणि चुकीच्या जागी वाचवलाही जातो. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक, आयएस ७१० हे मरीनचं. दुकानदार 'सगळीकडे सातशे दहा लावा, टेन्शन नाही' म्हणतो. पॅन्ट्रीच्या ओट्याखाली, बेसिनजवळ, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला ते हवंच. एसी ऑफिसच्या मधोमध कोरड्या पार्टिशनला मरीन लावणं म्हणजे पैसे भिंतीत चिणणं. उलट टेबलाचा टॉप स्वस्तातल्या बोर्डाचा केला की कीबोर्ड ट्रेचे स्क्रू वर्षभरात ढिले होतात. कुठे कुठलं लावायचं हे यादीत खोलीवार लिहिलेलं असावं. नुसतं 'बीडब्ल्यूआर प्लाय, चांगल्या प्रतीचा' असं लिहिलेलं कोटेशन वादाला आमंत्रण असतं.

काचेचं निराळंच. कडक केलेली म्हणजे टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून तिचं माप फरशी झाल्यावर, चौकट उभी राहिल्यावरच घ्यायचं, आणि ऑर्डर त्यानंतर द्यायची. तोवर सगळं संपत आलेलं दिसतं, उद्घाटनाची पत्रिका वाटून झालेली असते, आणि केबिन उघड्याच. कुणी घाई करून आधीच्या मापानं काच मागवतो. ती अर्धा इंच मोठी निघते आणि सरळ भंगारात जाते. अर्धा इंच लहान निघाली तर सिलिकॉन भरून निभावतं, आणि तो जाड पांढरा पट्टा पाच वर्षं डोळ्यांत खुपतो.

यापेक्षा महाग पडतं ते न दिसणारं. ऑफिससाठी एसीचा ढोबळ हिशेब शंभर-सव्वाशे फुटांना एक टन असा धरतात. काच पश्चिमेला असेल किंवा माणसं दाटीनं बसणार असतील तर जास्त. १,२०० फुटांना १० ते १२ टन. टनामागे साधारण एक किलोवॉट धरला तरी नुसत्या एसीलाच १०-१२ किलोवॉट, वर संगणक, दिवे, सर्व्हर, कॉफी मशिन. गाळ्याच्या मीटरचा मंजूर भार किती आहे? सिंगल फेज असेल तर हे भागणारच नाही. भार वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज, अनामत, कधी इमारतीतली मुख्य केबलच बदलायची वेळ. हे फरशी बसल्यावर लक्षात येतं तेव्हा फरशी उखडावी लागते. तसंच एसीच्या पाण्याचा उतार. ड्रेन पाइप उताराविना चालत नाही. तो जितका लांब तितकं सीलिंग खाली येतं. स्लॅबची उंची कागदावर साडेदहा फूट असली तरी बीम, डक्ट, उतार आणि सीलिंगची चौकट जाऊन हाताशी साडेआठ उरतात. टॉयलेट शाफ्टपासून लांब नेलं की जमीन उचलावी लागते, आणि मग त्याच्या दाराशी एक पायरी येते जिला पुढची पाच वर्षं रोज कुणीतरी अडखळतं.

आगीचं कलम तर बजेटमध्ये बहुधा शेवटच्या ओळीत असतं, आणि काटाकाटी सुरू झाली की पहिलं तेच जातं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्स आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्या रात्रीनंतर मुंबईभर तपासण्या झाल्या, अनधिकृत शेड पाडल्या गेल्या. ज्वलनशील सजावट, अडलेली वाट आणि धूर कोंडणारी छतं यांचा आतल्या कामाशी, म्हणजे फिट-आउटशी, थेट संबंध आहे. हे सगळं कुणीतरी पैसे देऊन बसवून घेतलेलं असतं. इमारतीत स्प्रिंकलर असतील तर नवीन सीलिंग बांधताना ते खाली उतरवून सीलिंगच्या पातळीवर आणावे लागतात. वर झाकून टाकलेला स्प्रिंकलर असून नसल्यासारखा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं, आणि देखभालीचा फॉर्म बी दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत. तेव्हा हा खर्च एकदाचा नाही. तोही महिन्याच्या हिशेबात धरायचा. भिंतीला पीव्हीसी पॅनेल चिकटवून 'लूक' आणणाऱ्यानं ते जळताना काय सोडतं, एवढं तरी एजन्सीला विचारावं.

पाटीचंही बजेट आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक झालं, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कित्येक साखळी दुकानांना नव्याकोऱ्या पाट्या उतरवाव्या लागल्या. ब्रँडच्या मुख्यालयानं पाठवलेल्या आराखड्यात देवनागरी अक्षरांचं वळण नसतंच. ते इथे घाईत कुणीतरी करतं आणि तसंच दिसतं. दारातल्या एका पायरीचं असंच. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. पायरी सहा इंच असेल तर रॅम्प सहा फूट लांब. फूटपाथवर तो करता येत नाही, म्हणजे दुकानाच्या आतली सहा फूट जागा त्याला द्यायची, आणि ती जागा शोकेसच्या आराखड्यातून काढावी लागते.

आता कर. इथे सीए लोक मिशीत हसतात, कारण ग्राहक बिल फाडून झाल्यावर त्यांच्याकडे येतो. जीएसटी 'परत मिळतो' या समजुतीवर बजेट करणारे बरेच. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या बांधकामासाठीच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, आणि त्या 'बांधकामात' नूतनीकरण, फेरफार, दुरुस्ती हेही येतं, जेवढं भांडवली खर्चात दाखवलं तेवढं. सुट्या खुर्च्या-टेबलांचं निराळं. ठेकेदारानं सगळं मिळून 'इंटिरिअर कामाचे' असं एका ओळीचं बिल दिलं तर जे मिळू शकलं असतं तेही वादात सापडतं. डॉक्टरांचा प्रश्न आणखी सोपा आणि आणखी कटू: आरोग्यसेवा करमुक्त, त्यामुळे दवाखान्याच्या कामावरचा जीएसटी हा सरळ खर्च. आपल्या उदाहरणातले ३ लाख ६० हजार गेलेच. एक दिलासा मात्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन घेऊन बसलेल्यांनी ते नव्यानं मागवावं.

आयकरात फर्निचर आणि फिटिंगवर घसारा १० टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. पाच वर्षांनी १०० रुपयांचे ५९ रुपये वहीत शिल्लक दिसतात. गाळा सोडून तुम्ही बाहेर पडलेले असता, छत मालकाकडे असतं, आणि ५९ रुपये तुमच्या ताळेबंदात.

ठेक्याच्या पद्धतीबद्दल माझं मत पक्षपाती आहे, ते सांगून टाकतो. मजुरीवर काम देऊन सामान स्वतः आणणं हे ज्याला रोज साइटवर उभं राहता येतं त्यालाच परवडतं. धंदा सांभाळून ते करणारा धंद्यात जास्त गमावतो. 'टर्नकी'मध्ये झोप लागते, पण कोपरे कुठे कापले ते कळत नाही. मापावर दर ठरवलेलं काम, सोबत खोलीवार यादी, ज्याला साइटवर सगळे बीओक्यू म्हणतात, हे मला सगळ्यात बरं वाटतं. यादी जितकी बारीक तितकी भांडणं कमी. दाराच्या उघाडाची जागा पार्टिशनच्या मापातून वजा होणार की नाही, हेसुद्धा लिहावं. दहा दारं असली की तोच मोठा आकडा होतो. आणि 'एक्स्ट्रा आयटम' लेखी मंजुरीशिवाय नाही. 'साहेब, इथे एक निश काढली तर छान दिसेल' या वाक्यानं जितकी बजेटं बुडवली तितकी चोरीनं बुडवली नसतील. शेवटचे पाच टक्के काही महिने राखून ठेवले की ठेकेदार बिघडलेलं दार दुरुस्त करायला येतो. सगळे पैसे आधीच दिले असतील तर त्याचा फोन लागत नाही.

राहिला गाळा सोडण्याचा दिवस. 'जसा घेतला तसा परत' हे कलम बहुतेक करारांत असतं. बेअर शेल, म्हणजे आत काहीच काम नसलेला गाळा, घेतला असेल तर त्याचा शब्दशः अर्थ ३१ लाखांचं काम स्वतःच्या खर्चानं तोडून, राडारोडा उचलून मोकळी स्लॅब परत देणं, नाहीतर अनामतीतून कपात. त्याच इंटिरिअरवर मालक पुढच्या भाडेकरूकडून 'फुल्ली फर्निश्ड'चं जास्त भाडं घेणार असेल तरीही. म्हणून ताबा घेतानाचे फोटो आणि यादी करारालाच जोडावी, 'सर्वसाधारण झीज वगळून' हे शब्द घालून घ्यावेत, आणि काम जसंच्या तसं ठेवून जाण्याचा पर्याय कुणाच्या मर्जीवर राहील हे आधीच लिहून घ्यावं. येणाऱ्या भाडेकरूला आपलं काम विकायची मुभा मिळाली तर उत्तमच; मालक ती देतो, फक्त मागावी लागते.

याच गणिताची दुसरी बाजूही तपासण्यासारखी आहे. त्याच इमारतीत कुणीतरी सोडून गेलेलं तयार ऑफिस महिना १ लाख ३० हजारांना मिळत असेल तर पाच वर्षांत ३० हजारांप्रमाणे १८ लाख जास्त जातात. भाडेवाढ धरली तर काहीसे आणखी. नव्यानं करायला ३१ लाख लागणार होते, आणि अडीच महिनेही. तयार घेताना रंग आणि सोफ्याकडे पाहू नये. सीलिंगची एखादी फळी उघडून वायरिंग पाहावं, एसीच्या आउटडोअर युनिटवरचं उत्पादनाचं वर्ष वाचावं, फॉर्म बीची ताजी प्रत मागावी, आणि विजेच्या बिलावरचा मंजूर भार आपल्या माणसांना पुरतो का ते मोजावं. तो पुरत नसेल तर जास्तीचे ३० हजार कशासाठी, हे मालकालाच विचारावं.